सारजाबाईची सुतळी

गल्लीत कुणाच्या मोरीत, ओट्यावर, कुठंबी गळ्याला सुतळी बांधलेली बाटली दिसली की मी आजबी ती उचलते आन् विचारते, "ही कुणी बांधली? कवा बांधली?" नव्या भाडेकरणी माझ्या तोंडाकडं बघत राहतात. त्यांना वाटतं, ह्या गिरणीवाल्या मनकर्णाबाईच्या डोक्यात पीठ गेलंय. वाटू दे. मी दिवसभर चक्कीच्या आवाजात ओरडून बोलणारी बाई, मला कुणाच्या वाटण्याची पर्वा नाय. पण का विचारते, हे मी कुणाला सांगत बसत नाय.

सारजाबाई आमच्या समोरच्या घरात राहायची. बजाजनगरातली गल्ली ती. एका भिंतीला दोन घरं, पुढं हातभर ओटा, घराघरात कंपनीत जाणारा एक माणूस. तिचा लेक बन्सी वाळूजच्या एका कारखान्यात परमनंट झाला तवा त्यानं आईला गंगापुराकडच्या गावातून उचलून आणलं. निजाम गेला त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत जन्मली असं ती सांगायची. तारीख, महिना तिच्या मायलाबी ठाऊक नव्हता. बापाला पोरगा नाय, म्हणून अंबाडी सोलायला, भिजवायला आन् बैलाची चऱ्हाटं वळायला त्यानं हिलाच बसवलं. लगीन झालं तर सासरीबी तेच. नवरा लवकर गेला. दिवसभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची आन् सांजंला दोर वळायची. दोरावर बन्सी शिकला.

त्या दोरानं तिचे हात असे झाले होते की बघितलं तर बाईचे वाटायचे नायत. पंजा रुंद, बोटं आखूड, तळवा निबर. अंगानं मात्र काडी. आम्ही तिला चिडवायचो, "सारजाबाई, देवानं हात दुसऱ्याचे लावले तुला." ती म्हणायची, "लावले तर लावले, परत मागाया तर येत नाय ना कुणी."

तिच्या हाताची ओळख गल्लीला माझ्यापास्नं झाली. गिरणीच्या मशीनला घालायच्या तेलाची बाटली, झाकण जाम. माझ्या नवऱ्यानं दाराच्या फटीत दाबून बघितलं, मी दातानं बघितलं, दाढ दुखायला लागली. ही ज्वारी दळायला आलेली. म्हणाली, "दे इकडं. बैलाशी भांडल्यावानी काय भांडती?" तिनं बाटली पदरानं कोरडी केली, झाकणावर तळवा ठेवून आधी खाली दाबलं, कान बाटलीच्या गळ्याला लावला आन् फिरवलं. टक्. झाकण सुटलं. "जोरानं उघडत नसतं," ती म्हणाली, "झाकण बोलतं. ते ऐकायचं." मी म्हटलं, "तुझं झाकण मराठी बोलतं का गं?" तर हसली नाय, खरंच विचार करत बसली.

मंग लागली रीघ. लोणच्याची बरणी, फिनेल, संडास धुवायचं ॲसिड, थंडीत थिजलेली खोबरेलाची बाटली, कुंड्यांवर मारायच्या औषधाच्या बाटल्या, ज्यांच्या आट्यांत औषध सुकून दगड झालेलं असतं. लोखंडी झाकण असलं तर नुसत्या झाकणावर कढत पाणी. औषध सुकलेली बाटली उलटी करून कोमट पाण्यात. आन् काचेला काचेचं बूच बसलेलं असलं तर कमरेची सुतळी काढायची, बाटलीच्या गळ्याला एक वेढा द्यायची आन् ताक घुसळल्यासारखी मागंपुढं ओढायची. गळा गरम व्हायचा, बूच आपसूक ढिलं. अंबाडीच्या सुतळीची गुंडी तिच्या कमरेला कायम. सवय हो, सुंभ जळला तरी पीळ जात नाय.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. वाकडं पुढं झालं, आन् तेबी चांगुलपणातूनच.

पलीकडच्या गल्लीत एक पोर पाणी समजून बाटलीतलं रॉकेल प्यालं. वाचलं ते, पण आमच्या गल्लीतल्या सगळ्या आया धसकल्या. तवा कुणीतरी म्हणालं, जी बाई उघडती ती बंदबी करंल. आन् बाया उलट्या कामाला यायला लागल्या. सारजाबाई झाकण आवळायची, कान लावायची, टक् झालं की बसलं म्हणायची. मंग ओळख म्हणून गळ्याला सुतळीची गाठ मारायची. तिची गाठ वेगळीच, बैलाच्या दाव्याची. सुतळी म्हंजे ही बाटली सारजाबाईनं बंद केली. ती पोरांच्या बापालाबी उघडायची नाय. उघडायची असली की परत तिच्याकडंच न्यायची.

आता माणसाचा स्वभाव कसा असतो बघा. रॉकेलच्या भीतीनं ज्या बाटल्या माळ्यावर, कपाटावर गेल्या होत्या, त्या सुतळी बांधल्यावर खाली उतरल्या. कोण रोज स्टुलावर चढणार? ॲसिड संडासाच्या दाराशी, फिनेल मोरीत, औषध कुंडीमागं. विचारलं तर म्हणायच्या, "सारजाबाईची सुतळी हाय की." माझं फिनेलबी गिरणीत दाराच्या कोपऱ्यात, खालीच असायचं. सगळी गल्ली एका बाईच्या मनगटावर निजायची, आन् घोरायचीबी.

आमच्या समोरच, सारजाबाईच्या बरोब्बर बाजूच्या दारात, वहिदा. तिचा नवरा इलियास रिक्षा चालवायचा, बजाजनगर ते शहर. गडी मोठा हौशी. तेलाच्या रिकाम्या डब्यांत गुलाब लावलेले, लाल, पिवळे, ओटा भरून. त्यांची पोरगी गुलशन, तिसरं लागलेलं. तिला एकच नाद, जे दिसंल ते उघडायचं. डबी, डबा, दार, चेन, माझ्या गिरणीचं पिठाचं फडकं. वहिदा कामात असली की ती सारजाबाईच्या ओट्यावर.

सारजाबाईला नात नव्हती. बन्सीच्या बायकोला, आवडाला, लगीन होऊन बरीच वर्सं झाली होती तरी पाळणा नव्हता, आन् त्या घरात तो विषय निघत नसे. गुलशन त्या ओट्यावर बसली की सारजाबाईचं तोंड बदलायचं. तिनं पोरीसाठी रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्या. खेळून झालं की त्या गळ्याला सुतळी बांधून खिळ्याला एका झुबक्यात टांगायची, म्हंजे आवडानं भंगारात देऊ नये. ती पोरीला शिकवायची, "आधी फराक धर. फराकानं धरलं की हात सरकत नाय. आता दाब. आता फिरव." गुलशन फ्रॉकचा घेर दोन्ही मुठीत गोळा करायची, झाकणाला गुंडाळायची आन् जीभ बाहेर काढून जोर लावायची. झाकण उघडलं की बाटली आन् झाकण आजीच्या हातात द्यायचं, हात पुढं करायचा, आन् आजी काचेच्या बरणीतून गुळाचा खडा काढून तळव्यावर ठेवायची. खडा येईपर्यंत पोरगी दुसऱ्या हाताची बोटं चोखत उभी.

वहिदा हसून म्हणायची, "खाला, मेरी बच्ची को क्या बना रहे तुम?" सारजाबाई म्हणायची, "माझ्या मागं गल्लीला कुणी नको का?" आम्ही सगळ्या हसायचो. मीबी हसले, लई हसले. गोड दिसायचं ते. डोळ्यासमोर असून कुणाला दिसलं नाय की आयांसाठी सुतळी म्हंजे हात लावायचा नाय, आन् त्या पोरीसाठी सुतळी म्हंजे गूळ.

पुढचं मला मागाहून सारजाबाईनंच सांगितलं, पण मी ते इथंच सांगते, म्हंजे तुम्हाला कळंल की पाणी कुठं मुरत होतं.

त्या हिवाळ्यात तिचा उजवा हात बधिर व्हायला लागला. सकाळी उठली की बोटं दुसऱ्याची. मुंग्या यायच्या, मंग मुंग्याबी यायच्या बंद झाल्या. गरम तवा उचलला तर वास आला तवा कळलं. तिनं कुणाला सांगितलं नाय. लेकाला सांगावं तर तो दवाखान्यात नेणार, सुट्टी टाकणार. सुनंला सांगावं तर, तिचं म्हणणं, सून म्हणंल आता हिचंबी करावं लागणार. आन् गल्लीला सांगावं तर राहिलंच काय? गावाकडं तिला कुणी ओळखत नव्हतं, अमक्याची बाई, तमक्याची आई. इथं ती सारजाबाई होती. बाया तिच्या दारात बाटली घेऊन यायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, आन् तिनं ती झाकली.

बन्सीच्या हत्यारांत एक पकड होती. आता बाटली आली की सारजाबाई म्हणायची, "ठेवून जा, सांजंला ने." बाई गेली की आत जाऊन दार लोटायची, डाव्या हातानं बाटली गुडघ्यात धरायची आन् पकडीनं झाकण फिरवायची. उघडायचंबी पकडीनं, आवळायचंबी पकडीनं. पकडीच्या टोकाला अंदाज कसा यायचा? झाकण बसलं का नाय हे पहिलं बोटं सांगायची आन् मंग कान. आता बोटं मुकी झालेली, राहिला कान. कान लावायचा, आवळत राहायचं, टक् झालं की थांबायचं. गाठ मारायची. सुतळी गळ्यावरून थोडी वरपर्यंत आणायची, म्हंजे पकडीचे दात झाकले जातात.

चैतात इलियासच्या गुलाबांवर मावा पडला. काळी बारीक कीड, कळ्याच्या कळ्या माखल्या. त्यानं औरंगपुऱ्यातल्या बियाण्याच्या दुकानातून औषध आणलं. छोटीच बाटली, वर लाल खूण. एकदा फवारलं, मावा गेला, बाटली अर्धी उरली. वहिदा ती घेऊन सारजाबाईकडं आली. मी तिथंच होते, कोथिंबीर निवडत. वहिदा म्हणाली, "खाला, इसको बहोत टाइट करो. हे लई जहरी हाय म्हणतो दुकानवाला. आन् आमच्या बाईसाहेबाचा हात सगळीकडं पोचतो."

सारजाबाई म्हणाली, "ठेवून जा. सांजंला ने."

सांजंला वहिदानं नेली. सुतळी बांधलेली. आन् गुलाबाच्या डब्यांमागं, ओट्यावर ठेवून दिली.

वैशाख आला. पत्रे दिवसभर तापायचे, ओट्यावर अनवाणी उभं राहवंना. एका दुपारी लाइट गेली आन् माझी गिरणी बंद पडली. म्हटलं, बसून काय करायचं, फरशी तरी धुवावी. कोपऱ्यातली फिनेलची बाटली उचलली. ही बाटली होळीच्या आधी सारजाबाईनं बंद केलेली. उघडायची तर तिच्याकडं न्यायला हवी, पण मी आपली सवयीनं हात घातला, आन् झाकणाचे सरळ दोन तुकडे माझ्या हातात आले. फिनेल पायावर सांडलं. मी आधी दोन शिव्या हासडल्या, मंग तुकडे बघितले. प्लॅस्टिकवर दातांचे ओरखडे. दोन्ही बाजूंनी, खोल. चीर वरपासून खालपर्यंत, आन् चिरीत धूळ बसलेली. म्हंजे आजची चीर नव्हती ती.

माझं डोकं तापलं. मी तशीच फिनेलच्या पायांनी तिच्या दारात गेले. ती उंबऱ्यात बसली होती, मांडीवर गुळाची बरणी, आतला गूळ चमच्यानं सुटा करत होती.

"सारजाबाई, हे काय हाय?" मी तुकडे तिच्यापुढं टाकले. "पकडीनं झाकण आवळतीस होय? मंग बन्सीलाच सांगते ना मी, तुझी काय गरज?"

ती तुकड्यांकडं बघत राहिली. मी आणखी चार शब्द बोलले, ते मी सांगत नाय. शेवटी तिनं उजवा हात उचलून माझ्यापुढं धरला.

"ह्या हाताला काय कळत नाय आता," ती म्हणाली. "दिवाळीपास्नं. सुई टोचली तरी कळत नाय."

"मंग सांगायचं नाय?"

"कानानं करीत व्हते गं. टक् वाजायचं. टक् वाजलं का मी थांबायची."

"अगं ते बसल्याचं टक् नव्हतं," मी म्हटलं. "ते झाकण फुटल्याचं होतं."

हे मी रागात बोलले, पण बोलल्यावर दोघींनाबी एकदमच कळलं मी काय बोलले ते. तिचा चेहरा असा उतरला की माझा राग जागच्या जागी गेला. तिचे ओठ हलायला लागले. ती घरं मोजत होती. कुणाचं ॲसिड, कुणाचं रॉकेल, कुणाचं काय. मी म्हटलं, "अशी बसू नको, ऊठ, आपण घरोघर जाऊ." ती म्हणाली, "वहिदाचं औषध," आन् उठायला लागली, आन् उठता उठता तिथंच थांबली.

गुलशन बाजूच्या ओट्यावरून उतरत होती. बाटली पोटाशी धरलेली, दुसऱ्या हातात अर्धं झाकण, त्याला सुतळी लोंबत होती. फ्रॉकचा पुढचा घेर चुरगाळलेला आन् ओला. औषधाचा तो उग्र वास माझ्यापर्यंत आला. पोरीचं तोंड मात्र उजळलेलं.

"आजी," ती म्हणाली, "उघल्लं."

तिनं बाटली सारजाबाईच्या पायाशी ठेवली, झाकण ठेवलं, आन् शिकवल्यासारखा एक हात पुढं केला, गुळासाठी. दुसरा हात चालला तोंडाकडं.

सारजाबाईच्या मांडीवरनं बरणी गडगडली. तिनं पोरीची दोन्ही मनगटं धरली. झडप घातली म्हणा. पोरगी दचकून किंचाळली, ओढाओढ करायला लागली, आजीला चावली, पण ते हात सुटले नायत. "मनकर्णा, पाणी आण," ती म्हणाली. "साबण आण. फराक काढ आधी. वहिदे, ए वहिदे."

पिंपातलं पाणी मी घागरीघागरीनं ओतलं. फ्रॉक फाडून काढला. आवडा साबण घेऊन धावत आली. वहिदा नळावरनं ओल्या कपड्यानं आली, तिनं बाटली बघितली आन् साबण हातात घेतला. पोरीचे हात, गळा, पोट, सगळं घासलं. पण तिनं आधीच बोट चोखलं होतं का नाय, कोण सांगणार? रडता रडता तिची लाळ गळायला लागली. रडणाऱ्या पोराची गळतेच, तरी मी घाबरले. डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसायला लागल्या.

इलियास तेवढ्यात जेवायला घरी आला, म्हणून रिक्षा दारात होती. वहिदा पोरीला घ्यायला वाकली, आन् तवा कळलं की सारजाबाईचा हात सुटत नाय. सोडत नव्हती असं नाय. सोड म्हटल्यावर ती स्वतःच बोटांकडं बघत होती, पण बधिर बोटं आवळली ती आवळलीच. मी एकेक बोट धरून मागं काढलं. पोरीच्या मनगटावर पाची बोटं उठली होती. रिक्षा गेली, आन् गल्लीत साबणाचं पाणी वाहत राहिलं.

त्या सांजंला आमच्या गल्लीत घराघरात बाया वाकून वाकून बाटल्या बाहेर काढत होत्या आन् सुतळ्या सोडत होत्या. कुणाच्या झाकणाला चीर, कुणाच्या नाय. सारजाबाई उंबऱ्यात बसून बघत होती. तिला वाटलं असंल, कुणीतरी येईल, भांडंल, केस धरंल. कुणी आलं नाय. तिच्या दारावरनं जाताना बाया पदर सावरून पलीकडनं जायच्या. मला वाटतं तिला भांडणच बरं वाटलं असतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. रागबी होता, आन् त्या बाईची कीवबी येत होती, दोन्ही एकाच पोटात.

बन्सी सेकंड शिफ्टला होता. आल्यावर त्याला कळलं. त्यानं पकड उचलली आन् नाल्यात टाकून आला. दुसऱ्या दिवशी इलियासनं गुलाबाचे सगळे डबे उपटून उकिरड्यावर नेऊन टाकले. फुलं होती त्यांना, लाल, पिवळी, वैशाखातबी टिकलेली.

गुलशन सरकारी दवाखान्यात होती. कधी कुणी सांगायचं बरी हाय, कधी सांगायचं डॉक्टर काहीच बोलत नायत. सारजाबाईला कुणी सांगायचं नाय. मी सांगायची. ती ऐकायची आन् विचारायची, "गूळ मागितला का तिनं?" मी म्हणायची, "सारजाबाई, गुळाचं काय घेऊन बसलीस?" ती म्हणायची, "तिचा राहिलाय ना. उघडलं तिनं. द्यायचा राहिलाय." मला ते ऐकवायचं नाय. डोकं फिरतंय का काय हिचं, असं वाटायचं.

पोरगी वाचली. आठवडा उलटल्यावर इलियासची रिक्षा सकाळी गल्लीत आली तवा सगळ्या बाया नळावर होत्या. वहिदा पोरीला कडेवर घेऊन उतरली. गुलशन निम्मी झालेली, डोळे मोठे, मनगटावर सुईची पट्टी. कुणी हांडा खाली ठेवला, कुणी तोंडावर हात ठेवला. पुढं मात्र कुणी झालं नाय.

सारजाबाईचं दार उघडलं. ती गुळाची बरणी छातीशी धरून बाहेर आली. त्या दिवशी गडगडलेली तीच बरणी, फुटली नव्हती. गूळ पाझरून झाकणाच्या आट्यांत सुकला होता. ती वहिदाच्या समोर जाऊन उभी राहिली आन् झाकण उघडायला लागली. उघडंना. तिनं पदर घेतला, तळव्यानं दाबलं, कान लावला. सगळी गल्ली बघत होती. नळ तसाच वाहत होता, कुणी बंद केला नाय. तिचा हात झाकणावरनं सरकत होता, पुन्हा पुन्हा.

मंग ती थांबली. आमच्याकडं वळली.

"बायांनो," ती म्हणाली, "माझ्या हातात जोर नाय. दिवाळीपास्नं नाय. लपवलं म्या. माझ्या सुतळीवर कुणी इसंबू नका. आपापल्या बाटल्या वर ठेवा." आवाज तिचा नेहमीचा होता, दळणाचा भाव विचारावा तसा. मंग वहिदाला म्हणाली, "वहिदा, मी तुझी गुन्हेगार हाय. एवढं उघडून दे. तिचा खडा राहिलाय माझ्याकडं."

वहिदा बरणीकडं बघत होती. घेईल का फेकंल, काही कळत नव्हतं. तिच्या डोळ्यात पाणी होतं आन् जबडा आवळलेला.

तेवढ्यात गुलशनला बरणी दिसली. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. ती आईच्या कडेवरनं खाली वळवळली, जमिनीवर उभी राहिली, पाय लटपटत होते. दवाखान्यातल्या नव्या फ्रॉकचा घेर तिनं दोन्ही मुठीत गोळा केला, जीभ बाहेर काढली, आन् झाकणाकडं हात नेले.

वहिदानं खाडकन तिच्या हातावर चापट मारली. पोरगी रडलीबी नाय. तिला कळलंच नाय काय चुकलं. फराक मुठीत तसाच धरून ती आजीकडं बघत राहिली, आपण बरोबर धरलंय ना, हे विचारत असल्यासारखी. वहिदानं दुसऱ्यांदा हात उचलला.

सारजाबाईनं बरणी खाली ठेवली आन् मध्ये आपला हात धरला.

"तिला नको मारू गं," ती म्हणाली. "तो हात तिचा नाय. माझा हाय."